दर्गा, किताब आणि गश्त: सीमाभागातील इस्लामी पुनरुज्जीवनाचा आध्यात्मिक इतिहास

बेळगाव, निपाणी, चिकोडी, रायबाग या पट्ट्यातील मुसलमानांचे धर्मजीवन विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत दर्गा, मोहरमच्या पंजांची जागा आणि मशीद या तीन ठिकाणांभोवती फिरत होते. बहुतेक खेड्यांत महत्त्वाचा क्रमही हाच होता. मशीद ही मुख्यतः शहराची आणि सत्तेची वास्तू. बेळगावच्या किल्ल्यातील साफा मशीद आदिलशाही सरदार असदखान लारी याने १५१९ मध्ये बांधली. असदखान मूळचा इराणी, राजकारणात मुरलेला आणि किल्ल्याच्या तटबंदीत रस असलेला माणूस. १५४९ मध्ये तो वारला आणि लोकांनी त्याची कबर दर्गा म्हणून पुजायला सुरुवात केली. बांधलेल्या मशिदीपेक्षा बांधणाऱ्याच्या थडग्याकडे सामान्य माणसाची पावले अधिक वळली, यावरून या मुलखाच्या धर्मभावनेचा कल कळतो.

हा कल सूफींनी घडवला होता. गुलबर्ग्यास गेलेल्या शेख सिराजुद्दीन जुनैदी यांचे आधीचे वास्तव्य परंपरेनुसार कृष्णाकाठच्या कुडचीत होते. चौदाव्या शतकातील ही गोष्ट. पुढे विजापुरात शाह मीराँजी, त्यांचे पुत्र बुरहानुद्दीन जानम आणि नातू अमीनुद्दीन आला या चिश्ती घराण्याने दखनी भाषेत लिहिले. दळण दळताना आणि सूत काततानाच्या गाण्यांच्या चालीवर रचलेली चक्कीनामा, चरखानामा ही काव्ये याच परंपरेतली. जात्याचा खुंटा आणि चरख्याचे चाक यांच्या आधाराने अल्लाहचे स्मरण शिकवणारी ही रचना बायकांच्या तोंडून घराघरांत गेली. इस्लाम इथल्या खेड्यात आला तो बहुतांशी असा, ओवीच्या अंगाने. अरबी ग्रंथ फार नंतर आले.

त्यातून उभी राहिलेली श्रद्धास्थाने आजही या भागाच्या नकाशावर ठळक आहेत. निपाणीत संत बाबा महाराज चव्हाण यांनी स्थापन केलेला पीरानेपीर दस्तगीरसाहेबांचा दर्गा आहे. दस्तगीर म्हणजे बगदादचे शेख अब्दुल कादिर जिलानी. ते ११६६ मध्ये वारले आणि त्यांची कबर बगदादलाच आहे. तरी त्यांच्या नावाने निपाणीत उरूस भरतो, आणि त्याचा मान चव्हाण घराण्याकडे आहे. शेजारच्या कागलचे ग्रामदैवत गहिनीनाथ गैबीपीर. नावातच नाथपंथ आणि पीरपरंपरा एकत्र नांदतात. मिरजेत ख्वाजा शमना मीरा यांच्या उरुसात पहिला गलेफ, म्हणजे कबरीवर चढवायची चादर, चर्मकार समाजाचा असतो, आणि किराणा घराण्याचे अब्दुल करीम खाँ यांच्या स्मरणार्थ तिथेच संगीतसभा होते. कुडचीतील मासाहेबांचा दर्गा एका स्त्रीच्या नावाचा आहे. शिरोळ तालुक्यातील कुरुंदवाडात पाच मशिदींमध्ये गणपती बसतो, आणि ज्या वर्षी मोहरम व गणेशोत्सव एकत्र येतात त्या वर्षी पंजे आणि मूर्ती शेजारी असतात. सौंदत्ती तालुक्यातील हिरेबिदनूर गावात मुसलमानाचे एकही घर नसताना फकीरेश्वर स्वामींच्या मशिदीत मोहरम साजरा होतो. पंजे उचलणारे, अलाव्याच्या धुनीभोवती नाचणारे, रिवायती म्हणजे करबलाची शोकगीते गाणारे सारे बिगर-मुसलमान.

या व्यवस्थेला ऐहिक आधार होता. मुजावर दर्ग्याची चाकरी करी, मुल्ला किंवा मुलाणी निकाह लावी, फातेहा देई आणि गावच्या जत्रेत बकरे कापी, काझी परगण्याचा निवाडा पाही. प्रत्येकाच्या वाट्याला इनाम जमीन किंवा बलुत्याचा हक्क असे आणि तो बापाकडून मुलाकडे जाई. मुल्ला, मुजावर, काझी, इनामदार ही आजची आडनावे म्हणजे त्या चाकरीच्या पाट्या आहेत. या माणसांना कुराणाचे ज्ञान किती होते, हा प्रश्न गावाला पडत नसे. त्यांचे काम वारशाने ठरलेले होते आणि ते सर्व जातींसाठी होते. मुंबई इलाख्याच्या गॅझेटियर मालिकेतील बेळगाव खंड १८८४ मध्ये निघाला. त्यात स्थानिक मुसलमान जातींची वर्णने आहेत, आणि काही जातींचे रीतिरिवाज शेजारच्या हिंदू जातींशी किती मिळतेजुळते होते हे त्यावरून दिसते. नावे पाहिली तरी हेच. मुसलमानांत दस्तगीर, मीरासाब, मौला, गैबीसाब, हुसेनसाब; आणि कानडी मुलखातल्या हिंदूंत फकीराप्पा, फकीरगौडा. नवसाने झालेल्या मुलाचे नाव ज्या पिराचे त्याचेच ठेवायचे, एवढा साधा हिशेब होता.

या धर्मात अध्यात्म नव्हते असे मानणे ही उत्तरेकडच्या सुधारकांची आणि इंग्रज अधिकाऱ्यांची समान चूक होती. नवस आणि अंगारा हा त्याचा वरचा थर. त्याखाली मुरीद म्हणजे शिष्य होणे, पिराकडून जिक्र म्हणजे नामस्मरण घेणे, चाळीस दिवस एकांतात बसणे, श्वासावर नाम धरणे ही साधनेची रीत होती. पण ती थोड्यांची होती आणि तिचा रस्ता पिराच्या हातातून जात असे. बाकीच्यांना पिराची बरकत मिळे, साधना मिळत नसे. पुनरुज्जीवनाच्या चळवळींनी नेमका हाच भेद मोडायला घेतला.

त्या चळवळींचे मूळ १८५७ नंतरच्या उत्तर हिंदुस्थानात आहे. राज्य गेले, दरबार गेला, आता धर्म टिकवायचा तर तो प्रत्येक मुसलमानाच्या अंगी उतरला पाहिजे, हा विचार निरनिराळ्या लोकांनी निरनिराळ्या तऱ्हेने मांडला. मे १८६६ मध्ये देवबंदचा मदरसा सुरू झाला. त्याचे संस्थापक हाजी इमदादुल्लाह यांचे मुरीद होते, म्हणजे चिश्ती साबिरी परंपरेतले सूफी. देवबंदला सूफीविरोधी ठरवणारे हे विसरतात. त्यांचा विरोध उरूस, नवस, कबरीवरचा गलेफ यांना होता. जिक्र आणि पीर-मुरीद नात्याला नव्हता. दिल्लीचे सय्यद नजीर हुसेन आणि भोपाळचे सिद्दीक हसन खान यांच्याभोवती जमलेला अहले-हदीस गट त्याहून कडक. त्यांना चार इमामांच्या फिकहचे, म्हणजे धर्मशास्त्राचे, बंधनही नको आणि पिराची मध्यस्थीही नको. बंदा आणि अल्लाह यांच्यामध्ये कुराण व हदीस एवढेच. तिसरा प्रवाह बरेलीचे मौलाना अहमद रझा खान यांचा. त्याचा सीमाभागाशी संबंध सर्वांत गुंतागुंतीचा असल्याने तो पुढे सविस्तर पाहावा लागतो.

हे सारे वारे दक्षिणेत पोचायला वेळ लागला. मुंबईच्या शिळाछाप छापखान्यांतून निघणारी स्वस्त उर्दू पुस्तके आणि १८८० च्या दशकात दक्षिण मराठा रेल्वेने जोडलेली बेळगाव, मिरज, हुबळी ही स्टेशने यांनी वाट मोकळी केली. बदरुद्दीन तय्यबजी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १८७४ मध्ये मुंबईत काढलेल्या अंजुमन-ए-इस्लामच्या धर्तीवर गावोगाव अंजुमन निघाल्या. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०६ मध्ये मोहामेडन एज्युकेशन सोसायटी आणि तिचे बोर्डिंग सुरू केले. शाहूंचा रोख शिक्षणावर होता, धर्मशुद्धीवर नव्हता. तरी वाचता येणारा मुसलमान तयार झाला की तो मुजावराला प्रश्न विचारतो, हे दोन्ही वाटांनी सारखेच घडले.

डिसेंबर १९२४ मध्ये बेळगावात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. मावळते अध्यक्ष मौलाना महंमद अली. त्याच वर्षी मार्चमध्ये तुर्कस्तानने खिलाफत बरखास्त केली होती. ज्या पदासाठी हिंदुस्थानातले मुसलमान तुरुंगात गेले ते पदच उरले नव्हते. उत्तरेत स्वामी श्रद्धानंदांची शुद्धी चळवळ मलकाना राजपुतांत चालू होती, आणि अर्धवट इस्लामी रीतीने राहणाऱ्या जाती किती सहज परत जाऊ शकतात, ही धास्ती उलेमांना बसली होती. राजकीय खिलाफतीचा मार्ग बंद झाला आणि दोन वर्षांत, १९२६ च्या हजनंतर, मौलाना मुहंमद इल्यास यांनी दिल्लीजवळच्या मेवातच्या खेड्यांत जमाती पाठवण्याचे काम हाती घेतले. तबलीगी जमातीचा हा उगम. तिथल्या मेव लोकांचे वर्णन वाचताना सीमाभागातला वाचक थबकतो: हिंदू नावे, हिंदू सण, पीर आणि देव दोन्ही. गॅझेटियरच्या बेळगाव खंडात आलेल्या लोकांचेच जणू उत्तरेकडचे भाऊ.

इल्यास स्वतः रशीद अहमद गंगोही यांच्या खानकाहीत, म्हणजे सूफी मठात, वाढलेले, रात्री जागून जिक्र करणारे. त्यांनी जे केले ते असे: खानकाहीतली साधना त्यांनी तुकड्यातुकड्यांनी सोडवली, पिराच्या हाताबाहेर काढली आणि शेतकऱ्या-बलुतेदाराला झेपेल एवढी लहान केली. तिची सहा कलमे: कलिमा, नमाज, इल्म व जिक्र, मुसलमानाचा आदर, नीयतीची शुद्धता आणि अल्लाहच्या वाटेवर वेळ काढणे. जुना सूफी चाळीस दिवस कोठडीत बसे. तबलीगी चाळीस दिवस प्रवास करतो. महिन्याला तीन दिवस, वर्षाला चाळीस दिवस, आयुष्यात एकदा चार महिने, हा रतीब. खर्च ज्याचा त्याचा. दहा-बारा माणसांची जमात एखाद्या गावच्या मशिदीत उतरते, तिथेच झोपते, तिथेच शिजवते. असरच्या म्हणजे तिसऱ्या प्रहरच्या नमाजानंतर गश्त, म्हणजे घरोघरची फेरी, निघते. वाट दाखवणारा गावातला, बोलणारा एकच, बाकीचे नजर खाली ठेवून मनात जिक्र करणारे. मशिदीत एक जण दुआ करत बसतो. मगरीबच्या म्हणजे सूर्यास्ताच्या नमाजानंतर बयान म्हणजे प्रवचन आणि मग तश्कील, म्हणजे पुढच्या जमातीसाठी नावे लिहून घेणे. या यंत्रणेत मोटार मेकॅनिक, तंबाखूच्या वखारीतला हमाल, निवृत्त मास्तर कोणीही बोलणारा होऊ शकतो. आलिम म्हणजे धर्मपंडित असण्याची अट नाही. वारशाने मिळालेल्या मुल्लापणाला एवढा मोठा धक्का दुसऱ्या कोणी दिला नाही.

मुंबई-पुणे-बंगळूर रस्त्यावर आणि मिरज-लोंढा लोहमार्गावर असलेल्या या भागात जमाती येत-जात राहणे स्वाभाविकच होते. तबलीगने दर्ग्यावर थेट हल्ला केला नाही. वादाचे मसले काढायचे नाहीत, हा त्यांचा शिरस्ता. पण वेळेवरच त्यांनी हक्क सांगितला. दर्ग्याची गर्दीची वेळ जुम्मेरातची संध्याकाळ. तबलीगी मरकजमधली, म्हणजे केंद्रातली, साप्ताहिक बैठक आणि मशिदीतला मुक्कामही जुम्मेरातच्याच रात्री. ज्याने ती रात्र मरकजमध्ये काढली त्याची दर्ग्याची फेरी आपोआप चुकली, आणि कोणाला काही निषिद्ध ठरवावे लागले नाही. मौलाना जकरिया यांचे ‘फजाइले-आमाल’ रोज मोठ्याने वाचायचे. त्यात पैगंबरांच्या सहाबांच्या, म्हणजे सोबत्यांच्या, आणि सूफींच्या, भुकेच्या, रडण्याच्या, रात्रभर नमाज पढण्याच्या कथा भरपूर. अहले-हदीसवाले या पुस्तकावर दुर्बल हदीसांचा आक्षेप घेतात ते याच कारणाने. पण कथा ऐकण्याची सवय असलेल्या समाजाला हेच पुस्तक पचले. एका अर्थी दर्ग्यातल्या करामतीच्या गोष्टी इथे टिकल्या, फक्त त्यांना गावचा पत्ता राहिला नाही.

त्यामुळे तबलीगचे अध्यात्म गावापासून सुटे आहे. त्याला बगदाद, मदिना आणि दिल्लीतले मुख्य मरकज असलेले निजामुद्दीन सारखेच जवळ. कागलचा गैबीपीर मात्र लांब. या सुटेपणात ताकद होती. पोटासाठी गाव सोडलेल्या माणसाला पुण्यात, दुबईत, बंगळुरात तीच दिनचर्या आणि तीच मंडळी सापडे. उणेपण असे की त्यात शेजाऱ्याला जागा नव्हती. दर्ग्याच्या उरुसात कुणबी, चर्मकार, लिंगायत सहज येत. गश्तीची जमात त्यांच्या दारावरून पुढे जाई, कारण तिचे काम मुसलमानाला मुसलमान करण्याचे होते. २०१५ नंतर निजामुद्दीनच्या नेतृत्वावरून मौलाना साद यांचा गट आणि सल्लागार मंडळाच्या बाजूचे शूरावाले अशी फूट पडली आणि तिचे पडसाद देशभरच्या मरकजांत उमटले. ज्या चळवळीने पिराची गादी मोडली तिलाच शेवटी गादीचा वाद चुकला नाही.

बरेलवी प्रवाह वरवर याच्या उलट दिसतो. अहमद रझा खान (१८५६–१९२१) मारहराच्या कादिरी घराण्याचे मुरीद होते, म्हणजे निपाणीतल्या दस्तगीरसाहेबांच्याच सिलसिल्याचे, गुरुपरंपरेचे. पैगंबरांवरचे उत्कट प्रेम, औलियांची मध्यस्थी, ग्यारवी (दस्तगीरांचा दिवस), मिलाद (पैगंबरजयंती), उरूस, उभे राहून सलाम पढणे या साऱ्यांना त्यांनी फिकहचे भक्कम पुरावे दिले. देवबंद्यांच्या टीकेने गांगरलेल्या मुजावराला पहिल्यांदाच विद्वान वकील मिळाला. दक्षिणेतले बरेच दर्गे आणि मोहल्ल्यांतल्या मशिदी स्वतःला सुन्नी, म्हणजे या अर्थाने बरेलवी, म्हणवू लागल्या त्या यामुळे.

पण वकिलाने पक्षकाराला शिस्तही लावली, आणि ही बाजू सहसा सांगितली जात नाही. कबरीपुढे सजदा करणे अहमद रझांनी निषिद्ध ठरवले. वाद्यांसह कव्वाली त्यांना मान्य नव्हती. बायकांनी दर्ग्यात जाण्याला त्यांचा विरोध होता. प्रचलित ताजियादारी, म्हणजे ताबूत, ढोल, सवारी, मेळे, त्यांनी नाजायज म्हटली. आता ही यादी सीमाभागावर ठेवून पाहिली की काय उरते? नवसाला आलेल्या बाया गेल्या, मिरजेच्या संगीतसभेला आधार राहिला नाही, पंजे भेटवणे, अलाव्यात उडी घेणे, अंगात सवारी येणे, वाघाचे सोंग घेणे, फकिरी बाणा बांधून चोंगे-मलिदा वाटणे हे सारे नाजायज झाले. मोहरमवर देवबंदी आणि बरेलवी यांचे जितके एकमत आहे तितके दुसऱ्या कशावरही नाही. दर्गा वाचला, त्याच्याभोवतीचा लोकाचार दोन्हीकडून कापला गेला. आज अनेक गावांत पंजे बसवण्याचे काम मराठा, धनगर, लिंगायत घराण्यांनी चालू ठेवले आहे आणि मुसलमान तरुण त्यातून अंग काढून घेतात. हिरेबिदनूरचा मोहरम टिकला, त्यामागे गावात फतवा लागू पडेल असे कोणी नाही हेही एक कारण असावे.

बरेलवी अध्यात्माचा ओघ मग मिलादकडे वळला. पैगंबरजयंतीचा जुलूस, नातखानी म्हणजे पैगंबरस्तुतीचे गायन, हिरवे झेंडे, मदिन्याच्या घुमटाचे चित्र. १९९० मध्ये केंद्र सरकारने या दिवसाची सुट्टी जाहीर केल्यावर जुलूस आणखी वाढले. भावना तीच राहिली, प्रेमाची आणि शरणागतीची. फक्त ती गावच्या पिरावरून मदिन्यावर गेली. तबलीगच्या फैलावाला उत्तर म्हणून १९८१ मध्ये कराचीत दावते-इस्लामी आणि १९९२ मध्ये मुंबईत मौलाना शाकिर अली नूरी यांची सुन्नी दावते-इस्लामी निघाली. त्यांनी प्रतिस्पर्ध्याचे तंत्र जसेच्या तसे उचलले: साप्ताहिक इज्तिमा, प्रवासाचे काफिले, रोज वाचायचे एकच पुस्तक. पीरही राहिले, पण मुरीद होण्याबरोबर दाढी, इमामा आणि दिनक्रमाची नोंदवही आली. दर्ग्याच्या माणसांनी तबलीगची शिस्त घेतली आणि तबलीगने दर्ग्याच्या कथा घेतल्या. भांडण जितके जुने होत गेले तितके भांडणारे एकमेकांसारखे होत गेले.

तिसरी वाट मराठी मुलखातूनच निघाली. सय्यद अबुल आला मौदूदी यांचा जन्म २५ सप्टेंबर १९०३ रोजी औरंगाबादेत, चिश्ती घराण्यात झाला. २६ ऑगस्ट १९४१ रोजी लाहोरात त्यांनी जमाते-इस्लामी स्थापन केली. फाळणीनंतर १९४८ मध्ये अलाहाबादेत जमाते-इस्लामी हिंद वेगळी झाली. मौदूदींचा विचार असा की नमाज, रोजा, जकात, हज ही एका मोठ्या कामाची तालीम आहे, आणि ते काम म्हणजे जीवनाचे सर्व व्यवहार अल्लाहच्या हुकमाखाली आणणे. तसव्वुफच्या, म्हणजे सूफी मार्गाच्या, परिभाषेपासून मुसलमानाने मधुमेही साखरेपासून राहतो तसे दूर राहावे, असे त्यांनी १९४० च्या सुमारास लिहिले. सूफींच्या खरेपणाबद्दल त्यांना शंका नव्हती; त्या नशेने समाज निजतो असे त्यांचे निदान होते. इथे आत्मशुद्धी अभ्यासमंडळात, हिशेब देण्यात, शिस्तीत आणि समाजकार्यात घडते. पिराची जागा संघटनेच्या अमीराने घेतली, पण हातावर हात ठेवून दुआ घेण्याचे नाते राहिले नाही.

या निरूपणातल्या कोरडेपणावर सर्वांत मार्मिक टीका जमातीतून बाहेर पडलेल्यांनी केली. मौलाना अबुल हसन अली नदवी सुरुवातीला जमातीत होते, मग इल्यास यांच्याकडे वळले. मौलाना वहिदुद्दीन खान यांनी १९६३ मध्ये ‘ताबीर की गलती’ लिहून जमात सोडली. त्यांचा मुद्दा थोडक्यात असा: माणसाचे ईश्वराशी नाते हा धर्माचा गाभा आहे, तो मागे टाकून व्यवस्था बदलणे पुढे आणले की धर्माचा सांगाडा राहतो आणि प्राण जातो. जमातीचे लोक उलट म्हणत की तबलीग माणसाला जिक्रात गुंगवून जगाचे प्रश्न दुसऱ्यांवर सोडते. दोन्ही आरोपांत तथ्य होते.

सीमाभागात जमाते-इस्लामीचे संख्याबळ तबलीग किंवा बरेलवींइतके कधीच नव्हते. तिचे महत्त्व भाषेत आहे. तबलीगचे बयान उर्दूत, बरेलवींची नात उर्दूत. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेनंतर मराठी की कानडी या वादात बेळगाव-निपाणी धुमसत असताना मुसलमान समाज घरी दखनी, बाजारात मराठी, कचेरीत कानडी आणि धर्मात उर्दू असा राहिला. उर्दूमुळे त्याला या वादाच्या बाहेर उभे राहता आले, आणि त्याच उर्दूमुळे त्याचा धर्म शेजाऱ्याला ऐकू येईनासा झाला. जमातीने मात्र प्रादेशिक भाषा धरल्या. मुंबईतून मराठी ‘दिव्य कुरआन’ आणि ‘शोधन’ साप्ताहिक, मंगळूरहून १९७८ पासून कानडी ‘सन्मार्ग’. बेळगाव अशा जागी आहे की तिथल्या वाचकाला दोन्ही बाजूंचे साहित्य मिळू शकते. शेख महंमदांनी सतराव्या शतकात ‘योगसंग्राम’ मराठीत लिहिला तेव्हा इस्लामी साधना मराठीत बोलत होती. मधल्या मोठ्या खंडानंतर ती पुन्हा मराठीत आली. पण योगसंग्रामात साधक बोलतो, नव्या मराठी पुस्तकांत प्रचारक समजावून सांगतो. शेख महंमदांच्या जवळपास जाईल असे या नव्या मराठी धर्मसाहित्यात काही नाही.

अहले-हदीसचा वाटा शहरांपुरता आणि अलीकडचा. आखातातल्या नोकऱ्या आणि पुढे दूरचित्रवाणी यांनी तो वाढवला. ताजिया नाही, फातेहा नाही, चाळिसावा नाही, अशा नकारांनीच बाहेरच्यांना तो ओळखू येतो. आतल्याला त्यात रात्रीची तहज्जुदची नमाज आणि मध्यस्थाविना केलेली दुआ यांचे समाधान मिळते. २०१६ मध्ये बंदी आलेल्या मुंबईच्या इस्लामिक रिसर्च फाउंडेशनसारख्या संस्थांनी संदर्भ फेकून वाद जिंकण्याची गोडी तरुणांना लावली. त्याला अध्यात्म म्हणणे कठीण आहे.

या सगळ्याहून निराळे उत्तर सुधारक हमीद दलवाई यांचे. २२ मार्च १९७० रोजी पुण्यात स्थापन झालेल्या मुस्लिम सत्यशोधक मंडळाने कायदा, तलाक आणि स्त्रियांचे हक्क यांचा आग्रह धरला. इहवादी भूमिका घेतल्याने साधनेच्या प्रश्नात मंडळ पडले नाही. दर्ग्याच्या मिश्र परंपरेचा आधार घेऊन सुधारणा करण्याचा मार्ग त्यामुळे अस्पर्शच राहिला. पुढे १९९० च्या सोलापूरच्या मुस्लिम मराठी साहित्य संमेलनापासून लेखकांनी ती परंपरा मराठीत शोधायला घेतली, पण तोवर गावोगावच्या मशिदींत उत्तरेत शिकून आलेले पगारी इमाम आणि हाफिज स्थिरावले होते आणि मुल्लाकडे बकरे कापण्यापुरते काम उरले होते.

बदलाचा सर्वांत खोल परिणाम स्त्रियांच्या धर्मजीवनावर झाला. दर्गा ही त्यांची हक्काची जागा होती. जुम्मेरातला जाऊन उदी घेणे, मूल होत नाही म्हणून पाळणा बांधणे, झपाटलेल्या सुनेला घेऊन रात्रभर बसणे, आणि त्या निमित्ताने घराबाहेर पडणे. कबरीवर बायकांनी जाऊ नये, यावर देवबंदी, बरेलवी आणि जमाते-इस्लामी यांचा सूर सारखा लागला. बदल्यात त्यांना पुस्तक मिळाले. अशरफ अली थानवी यांचे ‘बहिश्ती जेवर’ मुलीच्या रुखवतात देण्याची रीत देशभर पडली. त्यात तहारत, निकाह, हिशेब, पत्रलेखन सारे आहे आणि नवस, ओटी, चाळिसाव्याच्या जेवणावळी यांचा कडक निषेधही. तबलीगने स्त्रियांच्या मस्तुरात जमाती काढल्या, ज्यांत त्या महरम म्हणजे जवळच्या नात्यातील पुरुषासह प्रवास करतात आणि दुसऱ्या गावच्या घरात तालीम घेतात. जमाते-इस्लामीने स्त्रियांचे वेगळे अभ्यासवर्ग चालवले. मुलींचे मदरसे निघाले आणि आलिमा ही पदवी घेतलेल्या सुना घरात आल्या. चक्कीनाम्याच्या काळी बाईला कुराण वाचता येत नव्हते पण जिक्र तिच्या ओव्यांत होते. आताची सून कुराण अर्थासह वाचते, सासूच्या नवसाला बिदअत, म्हणजे धर्मात घुसवलेली नवी चाल, म्हणते, आणि तो फेडायला सासू शेजारणीबरोबर उरुसाला जाते.